नऊ वाजता भरणारा ओढा

गगनबावड्याला लोक पावसात जातात. धुकं, भजी, धबधब्याखाली भिजणं आणि मग फोटो. मी गेलो ऐन मे महिन्यात, तेही वीस लिटरची बादली, मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी, मेजर टेप आणि डझनभर लिंबं घेऊन. तिथला एक ओढा कमीत कमी किती वाहतो हे मला मोजायचं होतं. पावसाळ्यात ओढ्याचा थाट कुणीही बघेल. त्याची खरी ऐपत मे महिन्यातच कळते.

आधी माझं थोडं सांगतो. उद्यमनगरात चाळीस वर्षं मी विजेच्या मोटारी रिवाइंड केल्या, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळून दिली. आता सकाळी दोन तास दुकान उघडतो, निव्वळ सवयीनं. बायको सुनंदा पुण्यात मुलीकडे असते. नात झाली तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता तीन वर्षं होत आली. भांडण नाही, रुसवा नाही. मुलगी-जावई दोघं नोकरीला, पोर लहान, तिथं तिची गरज आहे. मलाही बोलावतात, पण अकराव्या मजल्यावर मी काय करू? लिफ्टची मोटार ऐकत बसू?

रोज संध्याकाळी सात वाजता सुनंदाचा व्हिडिओ कॉल येतो. मी फोन ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात डब्याला टेकवून ठेवतो. तेवढा कोपरा पुसून लख्ख केलेला असतो. "जेवलासा?" "जेवलो की." "बरं हाय न्हवं?" "एकदम मजेत." तीन मिनिटांत कॉल संपतो. मग पुढचा दिवस संध्याकाळी सातपर्यंत मोकळाच असतो.

फेब्रुवारीत महेश नावाचा एक जण दुकानात आला. हुपरीला पैंजणांच्या कामावर असतो. पॉलिशची मोटार जळली होती, ती रिवाइंड होईपर्यंत बाकावर बसला. कोपऱ्यात मी एक जुना पंप उलटा फिरवायच्या खटपटीत होतो. पंपाला वीज दिली की तो पाणी वर चढवतो, आणि उंचावरून पाणी सोडलं की तोच पंप उलटा फिरून वीज देतो. महेशनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "काका, माझ्या आईच्या घराशेजारी वढा हाय. तितं बसंल का हे?"

त्याची आई, हौसाआक्का, सत्तरीच्या. गगनबावड्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एकट्याच राहतात. विजेचे खांब खालच्या वाडीपर्यंतच आलेत. सोलरचा दिवा मिळाला होता, पण घर दाट झाडीत, ऊन जेमतेम चार तास. दोन पावसाळ्यांत बॅटरी गेली ती गेलीच, बदलायला कुणी फिरकलं नाही. गेल्या पावसाळ्यात आक्का गोठ्यात घसरून पडल्या. फोन चार्ज नव्हता. रात्र तशीच काढली, सकाळी खालच्या वाडीतला माणूस दूध न्यायला आला तेव्हा कळलं. महेश म्हणाला, "काका, दिवा आणि फोन बारा म्हैने चालला तर ती राहू दे तितं. न्हायतर ह्या पावसाच्या आधी म्या तिला हुपरीला आननार. म्हस इकली तरी चालंल."

मी मोटार बांधून दिली आणि म्हटलं, मे महिन्यात येतो.

पहिला दिवस

जाणाऱ्यांसाठी माहिती: गगनबावड्याच्या गाड्या रंकाळा स्टँडवरून सुटतात. बसला दोन तास धरा. पासष्ट पूर्ण केल्याचा एकच फायदा मला अजून सापडलाय, एसटीत अर्धं तिकीट. सकाळी आठच्या गाडीत चढलो तर कंडक्टरनं बादलीकडे बघितलं. "पावणं, दूध घालायला निघालासा का अंघोळीला?"

"वढा मोजायला," मी म्हटलं.

"मोजा की. पर बादली मांडीवर घ्या, लोकांच्या पायात येतीय."

बालिंगा मागे पडलं की दोन्ही अंगाला ऊस. कळे गावापर्यंत ऊस, पुढेही ऊस, आणि मग नकळत डोंगर जवळ सरकतात, ऊस पातळ होतो, हवा बदलते. खिडकीशेजारची सीट मोकळी झाली तशी मांडीवरची बादली तिथं ठेवून बसलो. पूर्वी या रस्त्यानं कोकणात जाताना तिथं सुनंदा बसायची आणि असळजपर्यंत झोपायची. ही आठवण काढायची असं काही ठरवलं नव्हतं. बादली हलली, मी हात लावून धरली, आणि आठवण आली.

गगनबावडा स्टँडसमोर वडा-पाव खाल्ला, चहा घेतला. पोट भरायला साठ रुपये पुरतात. तिथून जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. मी पाऊण तास थांबलो. खालच्या वाडीत उतरलं की पुढं अर्ध्या तासाची चढण. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर शनिवारी तुम्ही स्पीकर घेऊन पोचाल.

चढणीवर करवंदं पिकलेली होती. तोंड काळं होईस्तोवर खाल्ली. मग ओढा लागला, आणि माझं तोंड उतरलं. दगडांच्या मधून करंगळीएवढी एक धार, खाली एक डबकं, पुन्हा एक धार. माझ्या पंपाला सेकंदाला दीड लिटर पाणी लागतं. त्याच्या खाली तो फिरतच नाही, नुसता गुरगुरतो. ही धार बघून मला वाटलं, इथूनच परत फिरावं आणि महेशला फोनवर नाही म्हणावं.

तेवढ्यात वरून हाक आली. "पावणं! थांबू नगासा, या वर!"

अंगणाच्या तोंडाशी हौसाआक्का डोक्यावर भरलेली घागर घेऊन उभ्या होत्या. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. मला वाटलं पाणी आणत असतील. नंतर कळलं, मला चढताना बघून त्या घरातली भरलेलीच घागर डोक्यावर घेऊन बाहेर आल्या होत्या. कामाला आलेल्या माणसाला भरली घागर सामोरी जावी, रिकामी दिसू नये. मला बरं वाटलं. माझ्यासाठी दारात कुणी येऊन उभं राहिल्याला बराच काळ लोटला होता.

गूळ-पाणी झालं. दुपारभर मी उंची मोजली. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीला येतं; तसं टप्प्याटप्प्यानं खडकाच्या तोंडापासून गोठ्यापर्यंत उतरत आलो. शेहेचाळीस फूट भरले. उंची झकास. उंची आणि पाणी यांच्या गुणाकारातून वीज मिळते, त्यातलं निम्मं जमलं होतं. आक्का सगळा वेळ नळीचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. शेवटी विचारलं, "आनी पानी कवा मोजनार?"

"उद्या सकाळी."

"सकाळी म्हंजी किती वाजता?"

"नऊ वाजता."

"नऊला न्हवं? बरं," म्हणाल्या, आणि म्हशीला बघून येते म्हणून वर निघून गेल्या. दिवस मावळताना परतल्या तेव्हा कोपरापर्यंत हात चिखलानं माखले होते. म्हशीवाल्या बाईचे हात माखणारच, मी त्यात काय शोधणार?

त्या वस्तीत फोनला रेंज एकाच जागी येते, अंगणातल्या फणसाखाली, बुंध्याला पाठ लावून उभं राहिलं तर. रोज सातला आक्का तिथं उभ्या राहून महेशचा फोन घेतात. दोन दिवसांतून एकदा खाली वाडीत जाऊन फोन चार्ज करून आणतात. त्या दिवशी आधी त्यांचा फोन झाला, मग माझा. व्हिडिओ चालेना, नुसता आवाज.

"कुठं आहात? घरी न्हाई?" सुनंदा म्हणाली.

"आलोय जरा डोंगरात. कामाला. एकदम मजेत."

"जेवलासा?"

"जेवलो की."

फोन ठेवला. आक्का उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. "अजून भाकरी टाकली न्हाय म्या," त्या म्हणाल्या, "आनी तुमी जेवूनबी मोकळं झालासा?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. नाचणीची भाकरी, वाळक्या मिरचीचा ठेचा, ताक. पान वाढल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "पानी भरपूर निघालं तर लेक माझा गप बसंल न्हवं? हितनं उठायला लावनार न्हाय?"

"निघालं तर."

"निघंल की," त्या म्हणाल्या. ठाम. मी त्या करंगळीएवढ्या धारेबद्दल बोललोच नाही. माझा धीर झाला नाही, एवढं खरं.

दुसरा दिवस

पहाटे जाग आली. काहीतरी कमी वाटत होतं. मग लक्षात आलं, काल दुपारभर ओढ्याची जी बारीक खळखळ येत होती ती थांबली होती. मला वाटलं, चाळीस वर्षं मोटारी ऐकून कान गेले शेवटी. घरीसुद्धा पहाटे असंच होतं. जाग येते, काहीतरी ऐकू यायला हवं होतं असं वाटतं, आणि मग बाजूची उशी दिसते. कूस बदलून पडून राहिलो.

नऊला ओढ्यावर गेलो आणि बघतच राहिलो. ओढा भरून वाहत होता! कालचे कोरडे दगड पाण्याखाली, खडकाच्या तोंडावरून पांढरी झालर. आकाशात ढगाचा ठिपका नाही, आदल्या दिवशी वळीव नाही. माझ्या जागी दुसरा कुणी शहाणा असता तर आधी वर जाऊन बघून आला असता. मी मात्र मनात कारणं जुळवली: झऱ्याचं पाणी असेल, रात्री ऊन नसल्यानं वाढत असेल. खरं सांगतो, मला ते पाणी हवं होतं. तो उलटा पंप तीन वर्षं माझ्या सोबतीला होता, दुसरं कुणी नव्हतं. तो कुठंतरी फिरलेला मला बघायचा होता.

पाणी इतकं पसरलं होतं की बादलीत धरता येईना. मग लिंबं काढली. सरळ वाहणारा तीन मीटरचा तुकडा निवडायचा, दोन टोकांना काठ्या रोवायच्या, वरच्या काठीशी लिंबू सोडायचं आणि खालच्या काठीपर्यंत किती सेकंद लागतात ते बघायचं. लिंबूच का? ते बरंचसं बुडून चालतं, वाऱ्यानं ढळत नाही, आणि पिवळं असल्यामुळं चष्म्यातूनही दिसतं. पानं-काटक्या वाऱ्याच्या नादी लागतात. वरचं पाणी पळतं, तळाचं दगडांना घासत रेंगाळतं, म्हणून आलेल्या आकड्यातले तीस टक्के कापायचे. दहा लिंबं सोडली. सरासरी वीस सेकंद. दोन फूट रुंदी, चार बोटं खोली. गुणाकार केला तर सेकंदाला चार लिटर!

मी वही उंचावून ओरडलो, "आक्का, चार लिटर! दिवे लागतात, टीव्हीसुद्धा लागंल!"

आक्का खडकावर बसल्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बघा, म्या म्हनलं न्हवतं?" पण आवाज हवा तसा निघाला नाही.

दहा-पंधरा मिनिटांत खालून आरडाओरडा ऐकू आला. एक माणूस, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझी तीन लिंबं, म्हणजे लिंबं फडक्यात धरलेली, स्पर्श न करता, असा तरातरा चढत आला. हा बिरू. खालच्या वाडीतला, आक्कांकडून दूध नेणारा. गेल्या वर्षी गोठ्यात त्याला आक्का सापडल्या होत्या.

"कोन हाय त्यो उतारा टाकनारा?" त्यानं काठी आपटली. "माझ्या म्हशीच्या तोंडासमोरनं धा लिंबं गेली! धा! म्हस पान्याला तोंड लावंना. कुनावर करनी केलीया, सांग आदी!"

मी हात जोडून सांगायला लागलो की ही मोजणी आहे, हळद नाही, कुंकू नाही, टाचणी नाही, साधी बाजारातली लिंबं आहेत. त्यानं एक लिंबू उलटसुलट करून बघितलं. थोडा निवळला. पण पुढं म्हणाला,

"मग पान्याला झालंय काय? पाटं उठून बघतोय तर वढा ठनठनीत कोरडा. थेंब न्हाय. म्हस हंबराय लागली. आनी आत्ता नवाच्या सुमारास एकदम हे आलं, लोंढा. आदी कोरडा, मग लोंढा, लोंढ्यात लिंबं. मानसानं समजायचं काय?"

मी आक्कांकडे बघितलं. त्या ओढ्याकडे बघत होत्या.

मी वर चढलो. शंभरेक पावलांवर एक जुना दगडी बांध आहे, आक्कांच्या मालकांनी हयातीत घातलेला. बांधाच्या मागं मोठा डोह. डोहाच्या कडेनं हातभर उंच ओली रेघ होती, म्हणजे पाणी तिथवर चढून आत्ताच उतरलेलं. बांधाच्या तोंडाशी चिखल, पालापाचोळा आणि फाटकं पोतं बाजूला काढून ठेवलेलं. काल संध्याकाळी माखलेल्या हातांचा खुलासा झाला. सत्तर वर्षांच्या बाईनं एकटीनं सगळी रात्र ओढा अडवून धरला होता आणि नवाच्या ठोक्याला सोडला होता.

मी चिडलो. चिडायचा हक्क किती होता कोण जाणे, पण चिडलो. आक्का मागून येत होत्या, त्यांच्या मागं बिरू. "आक्का, हे काय केलंसा? उद्या मी मशीन बसवलं असतं, एक दिवस चाललं असतं, मग बंद! महेशला काय सांगायचं होतं मी?"

"वराडू नगासा," त्या म्हणाल्या. "पावणं एवढ्या लांबनं आलं. त्यास्नी सुका वढा दावायचा? घरात पीठ नसलं तरी पावण्याला धान्याची कनगी उघडून दावत न्हाय कुनी."

"मी पावणा नाही, मोजायला आलोय!"

"मोजायला आलेला तर पावण्याचा बा," त्या म्हणाल्या. "त्याच्या म्होरं तर लई भरून दावावं लागतंय. आनी तुमी वो? काल फनसाखाली हुभं राहून काय म्हनलासा? मजेत. जेवलो. पोटात अन्नाचा कन न्हाय, तोंडावर हसू न्हाय, आनी मजेत! तुमीबी बायकूम्होरं आडवलेलं पानीच सोडलासा की."

बिरू उगाचच लिंबू न्याहाळू लागला.   मी खाली येऊन बादली उचलली.

डोह रिता होऊन ओढा मूळ वाटेवर यायला अकरा वाजले. खडकाच्या तोंडाशी पत्र्याचा तुकडा घालून सगळी धार बादलीत धरली. आक्कांच्या हातात घड्याळ दिलं. बादली भरायला लागली. आक्का मोठ्यानं मोजत होत्या. दहा. वीस. तिसाच्या पुढं त्यांचा आवाज बारीक झाला. चाळिसाला बादली भरली. पाचदा केलं, पाचही वेळा चाळीसच्या आसपास. वीस लिटरला चाळीस सेकंद, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. पंपाला लागतं त्याच्या तिसरा हिस्सा.

"न्हाय फिरनार न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"नाही फिरणार."

त्यांनी घड्याळ परत दिलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हस कुनाला दिऊ मग? बिरू, तूच ने बाबा. तुला ती ओळखती." आणि चुलीकडे निघाल्या. मी तिथंच दगडावर बसून राहिलो. त्या घरात त्या एकट्या होत्या, पण म्हैस त्यांची होती, फणस त्यांचा होता, सातचा फोन त्यांचा होता. हुपरीला त्या लेकाच्या घरात कोपरा अडवून बसल्या असत्या. अकराव्या मजल्यावर मी बसलो असतो तशाच. हे मला फार जवळून कळत होतं आणि माझ्या बादलीनं त्यांचं तिथलं राहणं मोडलं होतं.

जेवताना बिरूच बोलला. तो फणसाच्या कुयरीची भाजी खात म्हणाला, "पर एक हाय. रातभर धरलं तर लोंढा चांगला दोन तास टिकला की."

माझा घास हातातच राहिला. चाळीस वर्षं मोटारी बांधल्या, आणि हे मला दूधवाल्यानं सांगायचं! आक्कांनी जे मला फसवायला केलं होतं तेच तर करायचं होतं, रोज. दिवसभर बांधामागं पाणी साठवायचं, संध्याकाळी सहाला सोडायचं. वहीवर मांडलं: सकाळी सहापासून बारा तास धरलं तर चार तास सेकंदाला दोन लिटर मिळतं. पंप फिरतो. संध्याकाळी सहा ते दहा, दोन दिवे आणि एक फोन. पावसाळा आला की बांध उघडाच टाकायचा, तेव्हा पाणी मागाल तेवढं. टीव्ही नाही, मिक्सर नाही. पण दिवा आणि फोन, बारा महिने.

"बांधाला लाकडी फळी करू, वर उचलायची. चिखलात हात घालायला नको," मी म्हटलं. "पण रोज शंभर पावलं चढून फळी पाडायला आणि उचलायला जावं लागंल आक्का. उन्हाळ्यात. चुकलं तर त्या दिवशी अंधार. आणि बिरूला दिवसा पाणी नाही."

बिरूनं विचार केला. "मला सांजचं आलं तरी चालतंय. म्या हौद भरून ठिवीन. निसती लिंबं टाकू नगासा."

आक्का म्हणाल्या, "म्हशीमागं मी दिवसातनं चारदा चढतीया. फळी काय जड हाय?" आणि पहिल्यांदा हसल्या. मग माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली, मी नको म्हणत असताना.

तिसरा दिवस

सकाळी निघताना आक्का पुन्हा घागर घेऊन उभ्या. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाल्या, "जातानाबी लागतीच की." उतारावर दोनदा वळून बघितलं. त्या फणसाखाली उभ्या होत्या, मग झाडीत दिसेनाशा झाल्या.

गगनबावड्याच्या स्टँडवर पूर्ण रेंज आली तेव्हा महेशला फोन केला. सगळं सांगितलं, रात्रभर अडवलेल्या पाण्यासकट.  मागं पैंजणांची खणखण ऐकू येत होती. मग म्हणाला, "मला वाटलंवतं तिला तितं राहायचंय, पर एवढं राहायचंय म्हाईत न्हवतं." आणि विचारलं, "काका, ती एकटी बरी असती का तितं?"

मी म्हटलं, "ते मी मोजलं नाही रे. एकटी आहे, हे खरं. तिला जायचं नाही, हेही खरं."

"करा मग," तो म्हणाला. "फळी मी स्वतः येऊन बसिवतो. रविवारी."

जाऊ इच्छिणाऱ्यांना शेवटची माहिती: परतीच्या गाड्यांची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा, दुपारनंतर त्या विरळ होतात. राहायची सोय वाडीत नाही, बावड्यात आहे. आणि ओढा मोजायचा असेल तर आदल्या दिवशी वेळ सांगू नका. कुणालाच.

चारला घरी पोचलो. कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या. सिंकमध्ये निघताना टाकलेली भांडी, त्यांचा वास. दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग, तिथं कुणी बसत नाही म्हणून साठलेला. गॅसवर दुधाचा वाळलेला डाग, केव्हाचा ते मला सांगता येणार नाही. सातला पाच मिनिटं कमी असताना हात आपोआप फडक्याकडे गेला. उजवा कोपरा पुसायचा. फडकं घेतलं आणि परत ठेवलं.

फोन वाजला. "जेवलासा?" सुनंदा म्हणाली.

"न्हाई. आणि काही केलेलंही न्हाई."

 मी डब्याला टेकवलेला फोन उचलला आणि फिरवला. सिंक दाखवलं. गॅस दाखवला. खुर्ची दाखवली. बेडरूममध्ये गेलो, तिच्या बाजूच्या उशीवर माझ्या वह्या आणि वायरी पडल्या होत्या, त्या दाखवल्या.  बोललो असतो तर रडलो असतो, आणि नातीनं बघितलं असतं.

  मग ती म्हणाली, "रोज त्यो चकाचक कोपरा बघत होते मी. तुमचं माझ्यावाचून झ्याक चाललंय म्हणूनच राहिले की हितं."

मी खुर्चीवरची वर्तमानपत्रं खाली ठेवायला घेतली. तीन वर्षांची होती, वेळ लागला. ती फोनवरच होती.